दर पंधरा मिनिटांनी प्रफुल

२२ सप्टेंबर, सोमवार. हैदराबाद.
आजपासून लिहून ठेवणार. दिव्यानी मॅडम म्हणाल्या, जे काम ठरल्या वेळी परत-परत करायचं असतं ते डोक्यात ठेवू नये, बाहेर कुठं तरी मांडून ठेवावं. त्या फोनवर कोणाले तरी सांगत होत्या, मले नाई. मी फक्त टेबलावर चहा ठेवत होतो. पण चांगली गोष्ट कोणाले का सांगितली असेना, आपण घ्यावी.

म्हातारपणी विसरलो तर म्हणून लिहितो. मी प्रफुल. वय तेवीस. शिक्षण दहावी, म्हणजे पेपर दिले आहेत. नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत. पॅन्ट्रीत आहो, पण कंपनी सॉफ्टवेअरचीच आहे. गाव चंद्रपूरकडं, सावली तालुक्याच्या पुढं, जंगलाले लागून.

मेन मुद्दा. जुलैत धानाचा रोवणा झाल्यावर मी लटारूभाऊले सरळ विचारलं, रिना मले देता का. त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, आमच्या बांध्यांले लागून आहेत, लहानपणापासून मधल्या धुऱ्यावर रिनाची भेट होते. भाऊ म्हणाले, धान घरी येऊ दे, पोरीले विचारतो, मग सांगतो. म्हणजे जवळजवळ हो.

त्याच आठवड्यात पलीकडच्या बांधीवाल्या विक्कीनं पण विचारलं. त्याले पण तेच सांगितलं म्हणते. पण त्याले सांगताना भाऊ हसले नसतील. मले सांगताना हसले होते.

२४ सप्टेंबर
आईचा फोन. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून यंदा रात्रीच्या जागलीले विक्की जाते. त्याच्या, आमच्या आणि लटारूभाऊच्या, तिन्ही घरच्या धानावर तो एकटाच. रानडुकरं आली की टिनाचा डबा वाजवते. आई म्हणाली, गुणाचा पोट्टा हो, एक शब्द जास्तीचा बोलत नाई. मी म्हटलं, जेवते कुठी? म्हणाली, कुठी म्हणजे? आपल्याच घरून डबा नेते. आज सुक्या मासोळीचा रस्सा केला होता, दोनदा घेतला त्यानं.

माही आई. माही मासोळी. ज्या मचानावर बसून खाते तेही मी बांधलेलं. लाकडाच्या बल्ल्या मी आणल्या होत्या, खांद्यावर.

मी जळत नाई. फक्त नोंद करून ठेवतो.

२५ सप्टेंबर, चारच्या चहानंतर
आज डोकं उघडलं.

मॅडमच्या टीमचं काम मले समजलं. त्याले रिऍक्टिव्ह म्हणतात. मॅडम चंद्रपूरच्या, म्हणून मराठीत समजावून सांगतात. म्हणाल्या, समज प्रफुल, तू दूध गॅसवर ठेवलंस तर उकळेपर्यंत तिथं उभा राहतोस का? मी म्हटलं, नाई, तोवर कप मांडतो. म्हणाल्या, झालं, हेच असिंक्रोनस. काम सांगायचं आणि मोकळं व्हायचं. उत्तर येईल तेव्हा येईल.

म्हणजे रिनाच्या बाबतीत मी जुलैतच असिंक्रोनस होतो. हे कोणी शिकवलं नव्हतं मले. अंगातच आहे.

आणि त्यात दर इतक्या मिनिटांनी आपोआप काम होईल असंही लावता येते. माणूस लागत नाई. मचान लागत नाई. मासोळी तर मुळीच लागत नाई.

२६ सप्टेंबर
प्लॅन. घरी माहा जुना फोन आहे, काच फुटलेला. विहारात नवीन स्पीकर आला तेव्हापासून जुना भोंगा बाबांच्या ताब्यात आहे. सोलरवाल्या फवारणी पंपाची बॅटरी आहे, फोन तिच्यावरच चालेल. फोन भोंग्याले जोडायचा, भोंगा धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाले बांधायचा. इथून हैदराबादहून प्रोग्राम दर पंधरा मिनिटांनी फोनले सांगणार, वाजव. भोंग्यातून माहा आवाज निघणार. डुकरं पळणार. विक्की घरी जाणार.

आणि रिना अंगणातून माहा आवाज ऐकणार. दर पंधरा मिनिटांनी. विक्कीच्या टिनाच्या डब्याले आवाज आहे, पण नाव आहे का?

मॅडमच्या मागं लागलो. म्हणाल्या, डुकरांसाठी? मग खूप वेळ हसल्या. मग जेवणाच्या सुट्टीत पंधरा-वीस ओळी लिहून दिल्या. म्हणाल्या, शेवटची ओळ तू लिही, म्हणजे शिकशील.

२८ सप्टेंबर, रविवार
रेकॉर्डिंग झालं. गच्चीवर जाऊन केलं. “हुर्रर्र! हाड! हाड! मी प्रफुल बोलून राह्यलो! मी इथीच आहो!” वीस सेकंद. खालच्या मजल्यावरचे लोक वर पाहून गेले.

तिकडं भोंगा झाडावर चढवाले कोणी नव्हतं. बाबा चढत नाईत. आईनं विक्कीले सांगितलं. तो चढला, बांधला, वायर जोडली, उतरला. काई बोलला नाई म्हणते. काय बोलणार? आपलीच नोकरी आपल्या हातानं झाडाले बांधून आला.

२९ सप्टेंबर
मॅडमच्या मशीनवर प्रोग्राम चालू केला. शेवटची ओळ मले आठवली नाई, पण तिच्याशिवायही एरर आला नाई, म्हणजे तशी गरज नव्हती. मॅडम कधी-कधी जास्तीच्या ओळी लिहितात.

१ ऑक्टोबर
तीन दिवस झाले, एकही डुक्कर आलं नाई. फोन करून आईले आकडा विचारला. शून्य. मी म्हटलं, पाहा. आई म्हणाली, काय पाहू? मी म्हटलं, काई नाई, फक्त पाहा.

पॅन्ट्रीत सगळ्यांले सांगितलं. कॉफी मशीनच्या कंपनीवाला आला होता, त्यालेही सांगितलं.

३ ऑक्टोबर
आई सहज म्हणाली, बाबू, तो भोंगा केव्हा सुरू करतं? आम्हाले वाटलं दिवाळीले करशील.

पाच दिवस एकही आवाज निघाला नाई म्हणे.

मॅडमले दाखवलं. म्हणाल्या, सगळं बरोबर आहे, फक्त तू subscribe केलं नाहीस. यात ऐकणारा कोणी बसल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. ऑर्डर लिहून घेतलीस, गॅस पेटवलाच नाहीस.

मग डुकरं काऊन आली नाईत? विचार केला. एकच कारण दिसते. भोंगा पाहूनच घाबरली.

(आई म्हणते विक्की रोज होता मचानावर. असू दे. योगायोग.)

४ ऑक्टोबर, शनिवार
ओळ लिहिली. आईले तिचा फोन चालू ठेवाले लावून बाहेर उभं केलं. पाच वाजता लावला, सव्वापाचले निघाला! फोनमधून मलेच माहा आवाज आला. “मी इथीच आहो!” अंगावर काटा आला. आई म्हणाली, अरे बापरे, बगळे उडाले. मी म्हटलं, रिनाच्या घरापर्यंत गेला का? म्हणाली, सावलीपर्यंत गेला असंल.

आज मले कोणाचाच राग नाई. विक्कीचाही नाई. त्यानं आता दुसरं काम पाहावं. सूरजागडकडं खाणीच्या ट्रकवर माणसं लागतात म्हणते, तिकडं चांगलं आहे त्याच्यासाठी. दूर आहे.

५ ऑक्टोबर
रिनाचा मेसेज. स्वतःहून. दोन महिन्यांत पहिला!
“हे किती दिवस चालणार आहे?”

किती वेळा वाचला मोजलं नाई. अर्थ लावला. “किती दिवस” म्हणजे तिले काळजी आहे की हे थांबेल. मी लिहिलं, तू म्हणशील तितके दिवस. मग असं वाटलं की हे कमी आहे, म्हणून लिहिलं, पूर्ण हंगाम.

उत्तर नाई. असिंक्रोनस आहे. येईल तेव्हा येईल.

७ ऑक्टोबर
वाईट बातमी. विक्की घरी गेलाच नाई. भोंगा चालू असूनही मचानावर बसते. बाबांनी विचारलं तर म्हणाला, भोंगा वाजते ते ठीक, पण डुकरं थांबून पाहतात की पुढं काय. मग मले डबा वाजवा लागते.

म्हणजे माह्या आवाजानं डुकरं थांबतात. म्हणजे अर्धं काम माहंच. पण मासोळी पूर्ण तोच खाते.

आणि काल लटारूभाऊच्या घरून त्याले भाकर आणि अंबाडीची भाजी गेली. रिनानं नेली की तिच्या आईनं, हे आईले विचारलं. म्हणाली, मी काय तिथी पहारा देऊन राह्यली का?

९ ऑक्टोबर
चूक सापडली. वीस सेकंद फार कमी आहेत. डुकराले विचार कराले वेळ मिळते. नवीन रेकॉर्डिंग सात मिनिटांचं. हुर्रर्र-हाड आहेच, त्यात माहा परिचय, कंपनीची माहिती, कितव्या मजल्यावर बसतो (पॅन्ट्री सहाव्यावर), आणि शेवटी खरी मेहनत कोणती आणि नुसतं मचानावर बसणं कोणतं, यावर थोडं. नाव कोणाचं घेतलं नाई. घ्यायची गरज नाई, मचान एकच आहे.

आणि पंधरा मिनिटांऐवजी पाच केले. आकडा स्वतः बदलला. मॅडमले विचारलं नाई. किती दिवस विचारत राहायचं?

१० ऑक्टोबर
बाबांचा फोन. बाबा कधी फोन करत नाईत. म्हणाले, प्रफुल, तू एकटा आहे की तिघं-चौघं आहात? भोंग्यातून एक प्रफुल नाव सांगते, दुसरा हाड म्हणते, तिसरा सहाव्या मजल्यावर आहे म्हणते. काईच समजत नाई. गाय दूध देऊन नाई राह्यली.

मॅडम म्हणाल्या, आकडा कोणी बदलला? मी म्हटलं, सिस्टिमनं. म्हणाल्या, हे बघ, हा interval फक्त घड्याळ बघतो. आधीचं काम संपलं की नाही ते बघत नाही. सात मिनिटांचं काम पाच मिनिटांनी लावलंस तर एकावर एक चढणारच. एक संपल्यावर दुसरं सुरू व्हावं असं वेगळं लावायचं असतं.

परत पंधरा केले. रेकॉर्डिंग सात मिनिटांचंच ठेवलं. त्यात कापण्यासारखं काई नाई.

आई म्हणाली, विक्की हसला म्हणते. पहिल्यांदा हसताना पाहिलं त्याले. रिनाही हसली. दोघं एकाच वेळी हसले का, हे आईले माहीत नाई. महत्त्वाचं विचारलं की आईले कधीच माहीत नसते.

१३ ऑक्टोबर
मोठा प्रश्न. पंधरा-सोळाले गावातले सगळे चंद्रपूरले दीक्षाभूमीले जातात. टेम्पो ठरला. आई-बाबा, लटारूभाऊचं घर, सगळे. रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. विक्की म्हणाला, मी जात नाई, धान भरून राह्यलं आहे, कोणी तरी राहा लागते.

तो राहिला तर धान त्यानं वाचवलं असं होईल. लटारूभाऊ येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवतील. मले दिसते ते.

तो गेला तर रिना आणि तो एकाच टेम्पोत. दोन तास. रस्ता खराब. खड्डे.

१४ ऑक्टोबर, सकाळी
जेवलो नाई. विचार केला. पाठीवर हात की खड्डे? खड्ड्यांचं पाहता येते. बाबांले सांगितलं, विक्कीले समोर ड्रायव्हरजवळ बसवा, त्याले मळमळ होते. बाबा म्हणाले, त्याले कधी झाली मळमळ? मी म्हटलं, आता होईल.

स्वतः विक्कीले फोन केला. म्हटलं, तू जा रे विक्की, वर्षाचा दिवस आहे, बांध्या मी सांभाळतो. तो मग म्हणाला, खरंच सांभाळतं? मी म्हटलं, अरे प्रोग्राम आहे तो, त्याले झोप येत नाई. म्हणाला, ठीक आहे भाऊ.

भाऊ म्हणाला. पायरी ओळखली.

१५ ऑक्टोबर, बुधवार
फोटो आला. सगळे पांढऱ्या कपड्यांत, दीक्षाभूमीसमोर. रिना डावीकडून तिसरी. विक्की उजवीकडून दुसरा. मधात सहा माणसं. छान आहे फोटो.

५.४० — दुसरा फोटो. मधात दोन माणसं. आणि एक त्यातलं लहान पोर आहे.

५.५० — प्रोग्राम पाहिला. चालू. सगळं हिरवं.

१६ ऑक्टोबर
तिसरा फोटो कोणी पाठवला नाई. हे जास्त वाईट आहे.

१७ ऑक्टोबर
काल संध्याकाळी परत आले. डुकरांनी आमच्या तीन बांध्या लोळवल्या. लटारूभाऊच्या दोन. नुसतं खाल्लं असतं तर एक होतं, त्यात लोळली. कोणी अंथरूण घालून दिल्यासारखं म्हणे.

आई रडली. बाबा फोनवर आलेच नाईत.

मॅडमनं प्रोग्रामचा रेकॉर्ड काढून पाहिला. परवा संध्याकाळी पावणेसातले गावात टॉवर गेला. प्रोग्रामनं फोनले आवाज दिला, फोन मिळाला नाई, एरर आला. आणि एक एरर आला की ती सगळी धारच बंद पडते, पुढं काही येत नाही, मॅडम म्हणाल्या. ती चूक तिथंच गिळून पुढं जायला सांगायचं असतं. मी म्हटलं, पण हिरवं दिसत होतं. म्हणाल्या, हिरवं म्हणजे सर्व्हर चालू आहे. काम चालू आहे असं नाही.

मग हळू आवाजात म्हणाल्या, तिथं कोणी माणूस नव्हता का? मी म्हटलं, होता. मी त्याले पाठवलं.

हे मी त्यांले सांगायले नको होतं.

१८ ऑक्टोबर
टॉवरची चूक आहे. पूर्ण शांत डोक्यानं विचार केला. माही काईच नाई.

लटारूभाऊले फोन लावला, टॉवर कसा चालते ते समजावून सांगितलं. ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, बाबू, विक्की सकाळपासून तुमच्या अन् आमच्या बांधीत आहे. आडवं धान उचलून, पेंढ्या बांधून उभं करून राह्यला. अर्धं तरी हाती येईल म्हणते. मी म्हटलं, भाऊ, प्रोग्राम दुरुस्त झाला आहे. म्हणाले, हो, वाजून राह्यला. ठेवतो.

२१ ऑक्टोबर
दिवाळीची सुट्टी मागितली होती. नाई मिळाली. सगळे साहेब घरी, मशीनं चालू, म्हणून पॅन्ट्री चालू. कोणासाठी, ते विचारलं नाई.

रिकाम्या ऑफिसात बसून प्रोग्राम पक्का केला. आता एरर आला तर गिळते. परत एरर आला तर परत करते. कितीही वेळा. टॉवर जाऊ दे, बॅटरी जाऊ दे, आता याले कोणी थांबवू शकत नाई. मी पण नाई.

पण हिरव्यावर आता भरोसा राह्यला नाई. म्हणून नियम केला, रोज अकराच्या चहाले एकदा आणि चारच्या चहाले एकदा चालू करून ठेवायचा. आधीचा बंद असला तर हा चालेल. आधीचा चालू असला तर नुकसान काय?

२६ ऑक्टोबर
आई म्हणाली, बाबू, खरं सांग, तुले तिथी कोणी मारून तर नाई राह्यलं? भोंग्यातून दिवसभर ओरडणं चालू आहे. मधात थांबतच नाई. लटारूभाऊची म्हैस आता तुहं नाव ऐकलं की खुंटा ओढते.

मी म्हटलं, आणि डुकरं? म्हणाली, डुकरं येतात. आता आवाजाले सरावली. विक्कीनं टिनाचा डबा वाजवला की पळतात.

हे विक्कीच सांगत असंल. दुसरं कोण पाहाले जाते?

३० ऑक्टोबर
मॅडमनं पाहिलं तर एकूण अठरा चालू होते. अठरा प्रफुल. म्हणाल्या, प्रत्येक वेळी चालू केलंस की एक नवीन जन्मतो, जुना मरत नाही. त्याला मारायला त्याचं नाव धरून ठेवावं लागतं. तू एकाचंही धरलं नाहीस.

निम्मे त्यांनी शोधून बंद केले. बाकीचे म्हणाल्या तू कर, मला मीटिंग आहे. मी केले. जेवढे दिसले तेवढे.

८ नोव्हेंबर
कापणी लागली. लटारूभाऊची विक्कीनं, विक्कीची लटारूभाऊच्या घरच्यांनी, आमची दोघांनी मिळून. रिना पण होती कापाले. एकाच बांधीत. एकाच रांगेत? आईले माहीत नाई.

आज पॅन्ट्रीत दोन कप फुटले. दोन्ही माह्यानं नाई. एकच माह्यानं.

१९ नोव्हेंबर
धान चुरून, मळून झालं. घरी आलं. आई म्हणाली, मागच्यापेक्षा कमी, पण आलं. वाचलं ते विक्कीमुळं, असंही म्हणाली. मी म्हटलं, आई, त्यानं पेंढ्या बांधल्या, ते हाताचं काम झालं. आई म्हणाली, हो रे बाबू, हाताचंच.

ठरल्याप्रमाणे आता लटारूभाऊचं उत्तर यायले पाहिजे. फोन चार्जिंगले लावून ठेवला, आवाज मोठा केला. मॅडमच्या मीटिंगमध्ये दोनदा वाजला. एकदा गॅसवाला, एकदा कर्ज घेता का.

२३ नोव्हेंबर, रविवार
तयारी. रिनाले हैदराबाद आवडेल का? खोली लहान आहे, पण खिडकी आहे. पॅन्ट्रीतल्या पोट्ट्यांले सांगितलं, मिठाई तयार ठेवा. कोणाची, ते सांगितलं नाई. नजर लागते.

२४ नोव्हेंबर, दुपार
रिनाचा फोन आला. स्वतः.

सगळं लिहून ठेवतो, जसं झालं तसं.

म्हणाली, बाबा सांगणार होते, पण मी म्हटलं मीच सांगते, नाई तर तू टॉवरवर टाकशील. मी म्हटलं, बोल ना रिना. म्हणाली, प्रफुल, तू वाईट नाईस. पहिल्या आठवड्यात मले हसू आलं. खरंच. दुसऱ्या आठवड्यात कानात कापूस घातला. आता मले तुहं सगळं पाठ आहे. तुही कंपनी, तुहा सहावा मजला, खरी मेहनत कोणती, सगळं. झोपेत म्हणून दाखवीन. आता लग्न करून आणखी काय ऐकू?

मी म्हटलं, ते डुकरांसाठी होतं. म्हणाली, डुकरं सुटली बिचारी, ती जंगलात जातात. आम्ही कुठी जावं?

मग मी विचारलं, विक्की काय बोलला तुले दोन महिन्यांत? म्हणाली, काईच नाई. मी म्हटलं, मग? म्हणाली, मग काय. काईच नाई बोलला. सकाळी मचानावरून उतरून घरी जाताना विहिरीवर हात धुते, एकदा पाहते, जाते. बस.

मी म्हटलं, एकदा पाहते म्हणजे किती वेळ?

ती म्हणाली, हेच, प्रफुल. हेच. आणि ठेवला.

२५ नोव्हेंबर
किती वेळ पाहते ते कळलंच नाई.

२६ नोव्हेंबर
सगळं बंद केलं. प्रोग्राम, स्क्रीन, सगळं. धान घरात आहे, बांधीत नुसता फण, कापल्या धानाचे बुडखे, डुकरांले तिथी काम नाई, मले बी नाई. मोठ्या मनानं बंद केलं.

संध्याकाळी आईचा फोन. म्हणाली, बाबू, एक चालूच आहे.

२७ नोव्हेंबर
परत बंद केलं. आई म्हणाली, चालूच आहे. दर पंधरा मिनिटांनी. सात मिनिटं.

अठरामधला एक असंल, जो मले दिसला नाई. एरर गिळणारा, परत-परत करणारा. मीच पक्का केला होता. मॅडम सुट्टीवर, चंद्रपूरले गेल्या. मोबाईल बंद.

आईले म्हटलं, बाबांले सांग, झाडावरच्या फोनची बॅटरी काढा. म्हणाली, तुहे बाबा मोहावर चढतील का?

कोण चढेल, हे मी बोललो नाई. तीही बोलली नाई.

३० नोव्हेंबर, रविवार
आज लटारूभाऊच्या अंगणात साखरपुडा होता. आई-बाबा गेले होते. शेजारी आहेत, जावाच लागते. दुपारी बाबांनी फोन केला. दुसऱ्यांदा आयुष्यात.

म्हणाले, बुद्धवंदना झाली. सगळे बसले. साखर वाटाले घेतली आणि बांधीकडून आवाज आला, “मी प्रफुल बोलून राह्यलो! मी इथीच आहो!” पाहुणे म्हणाले, हा कोण? मी खाली पाहिलं. मग तू सहावा मजला सांगितला. मग खरी मेहनत सुरू केली. लोक तोंडाले रुमाल लावून बसले.

मी विचारलं, मग? बाबा म्हणाले, मग विक्की उठला. नवीन कपड्यांत. धुऱ्यानं गेला, चपला खाली ठेवल्या, मोहावर चढला, वायर काढली, उतरला, परत येऊन जागेवर बसला. काई बोलला नाई. माह्याकडं पण पाहिलं नाई त्यानं, मले बरं वाटावं म्हणून. रिनानं त्याले पाणी दिलं.

मी म्हटलं, किती वेळ लागला त्याले? बाबा म्हणाले, कशाले? मी म्हटलं, वायर काढाले. म्हणाले, जाऊन-येऊन पाच-सात मिनिटं. आता जेवून घे बाबू.

३० नोव्हेंबर, नंतर
ऑफिस रिकामं. मॅडमच्या मशीनवर अजून अक्षरं येऊन राह्यली, तशीच उतरवतो. तो एक चालूच आहे. सापडत नाई.

४.१५ आवाज पाठवला. उत्तर नाई. परत करतो.
४.३० आवाज पाठवला. उत्तर नाई. परत करतो.
४.४५ आवाज पाठवला. उत्तर नाई.

५.०० कप धुवायचे राहिले आहेत.